तारेचा वेग आणि त्याचीं मापें

आपल्या देशांत वजनमापांची दशमान पद्धति १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें रूढ झाली. त्यापूर्वीं शेर आणि मण हीं नांवें सर्वत्र चालत. मात्र एका पेठेंतील शेर दुसऱ्या पेठेंतील शेराशीं जुळेलच, असा भरंवसा कोणी देत नसे. कोसाचीही तीच कथा होती. नांव एक आणि माप अनेक, अशी स्थिति असल्यामुळें जाणता व्यापारी भाव विचारण्याच्या आधीं शेर कोणता, हें विचारून घेई. धान्याच्या बाबतींत निदान डोळ्यांपुढें रास तरी असते. जी वस्तु दिसत नाहीं, जिला वजन नाहीं, आणि जी पोंचतां पोंचतांच संपून जाते, तिचें माप ठरवितांना किती घोंटाळा होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. अशी एक वस्तु पावणेदोनशेंहून अधिक वर्षें जगाच्या बाजारांत विकली जात आहे. ती वस्तु म्हणजे तारेवरून जाणारा संदेश.

हल्लीं घरीं आंतरजालाची जोडणी घेतांना ‘शंभर एमबीपीएस’ असा करार होतो, आणि प्रत्यक्ष एखादें चलच्चित्र उतरवून घेऊं लागलें म्हणजे पडद्यावर बारा-साडेबारा असा आंकडा दिसतो. आपणांस फसविलें, असें गृहस्थास वाटतें. वास्तविक पहिल्या आंकड्यांत बिट मोजलेले असतात आणि दुसऱ्यांत बाइट. आठ बिटांचा एक बाइट होत असल्यामुळें दोन्ही आंकडे एकाच वेगाचे असूं शकतात. आठाचा हा भागाकार सोपा आहे. त्याच्या मागची वंशावळ मात्र तितकी सरळ नाहीं. आधीं शब्द मोजले गेले, मग संकेत, मग मात्रा, मग बिट. आणि एका मापांतून दुसऱ्यांत जातांना प्रत्येक वेळीं कांहींतरी गृहीत धरावें लागलें. त्या गृहीतांवर एके काळीं लाखों पौंडांचें भांडवल उभें होतें.

१८५६ च्या ऑक्टोबरांत लंडन येथें एक प्रयोग झाला. आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिक महासागराच्या तळाशीं तार टाकावयाची, ही कल्पना त्या वेळीं सायरस फील्ड या अमेरिकन व्यापाऱ्याच्या डोक्यांत घोळत होती. इतक्या लांबीच्या तारेंतून संदेश जाईल काय, आणि गेलाच तर धंदा किफायतशीर ठरेल इतक्या वेगानें जाईल काय, हा प्रश्न होता. जमिनीखालीं घातलेल्या तारा एकमेकींस जोडून सुमारें दोन हजार मैलांची एकच वाट तयार करण्यांत आली, आणि वाइल्डमन व्हाइटहाउस, चार्ल्स ब्राइट व स्वतः सॅम्युएल मॉर्स यांनीं रात्रीच्या वेळीं तीवर चांचणी घेतली. मॉर्सनें फील्डला कळविलें कीं मिनिटास २१०, २४१ आणि एकदां तर २७० संकेत गेले. यावरून मिनिटास आठ ते दहा शब्द जाण्यास हरकत नाहीं.

आतां या रूपांतराकडे थोडें बारकाईनें पाहूं. मॉर्सच्या लिपींत प्रत्येक अक्षर ठिपके व रेघा यांचें बनलेलें असतें. आज ज्याला प्रमाण मानतात तो ‘पॅरिस’ हा शब्द घेतल्यास इंग्रजी स्पेलिंगाप्रमाणें त्यांत पांच अक्षरें आणि एकंदर चौदा ठिपके-रेघा येतात. एक ठिपका किंवा एक रेघ म्हणजे एक संकेत, असें धरलें तर २१० संकेतांचे पंधरा शब्द होतात. प्रवाह चालू होणें हा एक संकेत आणि बंद होणें हा दुसरा, असें धरलें तर साडेसातच होतात. म्हणजे ‘संकेत’ या शब्दाच्या अर्थावरच निम्म्याचा फरक पडतो. आठ-दहा शब्दांचा अंदाज दुसऱ्या हिशेबाजवळ जातो, तेव्हां मॉर्सनें गणित चुकविलें असें म्हणतां येणार नाहीं. खरी अडचण निराळी होती. प्रयोगशाळेंत संकेत मोजणें आणि समुद्रापलीकडे वाक्य समजणें, यांमधील अंतर कोणत्याही गुणकानें भरून निघत नाहीं. तरी पण भाग घेणाऱ्यांस जो आंकडा पटला तो याच प्रकारचा होता. प्रत्येकीं हजार पौंडांचे ३५० भाग काढून साडेतीन लक्ष पौंडांची कंपनी उभी राहिली.

ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन (पुढील लॉर्ड केल्विन) हेही या कंपनीच्या संचालकांत होते. समुद्राच्या पाण्यांत बुडालेली तार ही लांबच लांब लायडन-कुपीसारखी वागते. ती भरण्यास वेळ लागतो आणि रिकामी होण्यासही लागतो, त्यामुळें एका टोंकाला तुटक दिलेला संकेत दुसऱ्या टोंकाला पसरट होऊन बाहेर पडतो, असें त्यांनीं १८५४-५५ च्या सुमारास गणितानें दाखविलें होतें. तारेची लांबी दुप्पट केली तर हा विलंब चौपट होतो, हा त्यांचा वर्गाचा नियम. व्हाइटहाउस हा मूळचा शस्त्रवैद्य; हौसेनें विद्युत्शास्त्राकडे वळलेला. त्याला हा नियम मान्य नव्हता, आणि आपल्या प्रयोगांच्या आधारानें त्यानें तो जाहीरपणें खोडून काढण्याचा यत्न केला. कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ मात्र तोच होता.

१८५८ च्या ऑगस्टांत तार पुरी झाली. व्हिक्टोरिया राणीनें अमेरिकेच्या अध्यक्षांस, म्हणजे ब्युकॅनन यांस, पाठविलेल्या अभिनंदनपर संदेशांत ९८ शब्द होते. ते पलीकडे पोंचण्यास सुमारें सोळा तास लागले. न्यूयॉर्कांत दारूकाम इतकें झालें कीं नगरभवनाच्या घुमटीनें पेट घेतला! सोळा तासांचे ९६० मिनिट होतात. म्हणजे एका शब्दास जवळजवळ दहा मिनिटें. ‘मिनिटास आठ ते दहा शब्द’ या आश्वासनाच्या ठिकाणीं ‘आठ ते दहा मिनिटांस एक शब्द’ असा हिशेब आला, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. अर्थात् त्या सोळा तासांतला पुष्कळसा काळ पुन्हा विचारणें, पुन्हा सांगणें, चुकलेलें दुरुस्त करणें यांतच गेला. म्हणूनच तारेचा वेग आणि संदेशाचा वेग हीं दोन निराळीं मापें आहेत.

व्हाइटहाउसनें मोठमोठीं वेटोळीं वापरून तारेवर सुमारें दोन हजार व्होल्टांचा दाब दिला, आणि सप्टेंबरांत ती तार कायमची मुकी झाली. दाबामुळेंच ती मेली कीं मुळांतच ती सदोष होती, याविषयीं मतभेद आहेत. आमच्या मतें दोन्ही कारणें खरीं असावींत. परंतु मरण्यापूर्वीं तिनें एक काम केलें, त्याचा संबंध आपल्या देशाशीं आहे. १८५७ च्या उठावाच्या निमित्तानें कॅनडांतील दोन पलटणींना परत बोलावण्याचा हुकूम लंडनहून सुटला होता. येथील परिस्थिति इंग्रजांच्या बाजूनें पालटल्यावर तो हुकूम ऑगस्टच्या अखेरीस या तारेनें रद्द करण्यांत आला, आणि सुमारें पन्नास हजार पौंडांचा खर्च वांचला असें सांगतात. इतक्या मंद तारेनेंही आपल्या भांडवलाचा सातवा हिस्सा एका दिवसांत परत केला!

१८६६ सालीं थॉमसन यांच्या नियमास अनुसरून जाड गाभ्याची नवी तार टाकली गेली, आणि ती मिनिटास सुमारें आठ शब्द नेऊं लागली. दर वीस शब्दांस वीस पौंड. १८७० च्या प्रारंभीं ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजानें मुंबई आणि एडन यांच्या दरम्यान तार टाकली, आणि त्या वर्षाच्या जूनपासून एडन, सुएझ, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर या मार्गानें मुंबई ही लंडनशीं बव्हंशीं समुद्रांतूनच जोडली गेली. मुंबईच्या कापसाच्या व्यापाऱ्यांस लिव्हरपूलचा भाव समजण्यास पूर्वीं आठवडे लागत. आतां तो तासांत समजूं लागला.

येथें शब्द या मापाची परीक्षा सुरू झाली. तारखात्यास आकारणी शब्दावर करावयाची होती, कारण गिऱ्हाइकाला शब्दच मोजतां येतात. परंतु शब्द म्हणजे किती अक्षरें? गिऱ्हाइकांनीं हा प्रश्न फार लौकर हेरला. व्यापाऱ्यांनीं सांकेतिक कोश तयार करविले. त्यांत एका शब्दाला एक आख्खें वाक्य ठरलेलें असे. ‘माल पोंचला, हुंडी वटली, भाव उतरत आहे’ एवढा मजकूर एका अर्थहीन शब्दांत मावूं लागला. मग तारखात्यानें शब्दाच्या लांबीस मर्यादा घातल्या. १९०३ च्या लंडन परिषदेनें उच्चारतां येण्याजोगे, दहा अक्षरांपर्यंतचे कृत्रिम शब्द मान्य केले. लगेच १९०६ सालीं बेंटली यानें पांच-पांच अक्षरांचे सांकेतिक शब्द असलेला कोश काढला, म्हणजे दोन शब्द जोडून एकाच्या दरांत दोन वाक्यें पाठवितां यावींत! कायदा आणि चतुराई यांचा हा पाठशिवणीचा खेळ पुढें अनेक वर्षें चालला. त्यांतून एक गोष्ट उघड झाली. शब्द हें दाम मोजण्याचें माप होतें. त्यावरून तारेंतून किती मजकूर गेला हें कळत नव्हतें, आणि तारेला किती श्रम पडले हेंही कळत नव्हतें.

तारेचे श्रम मोजावयाचे तर तिच्या आंतच शिरलें पाहिजे. मराठी वाचकास हें समजण्यास छंदःशास्त्राचा चांगला उपयोग होईल. आपल्या मात्रावृत्तांत लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. मॉर्सच्या लिपींत ठिपक्याची एक मात्रा आणि रेघेच्या तीन. एका अक्षरांतील दोन खुणांमध्यें एका मात्रेची विश्रांति, दोन अक्षरांमध्यें तीन मात्रांची, दोन शब्दांमध्यें सात मात्रांची. अक्षरांच्या लांब्याही मुद्दाम कमीजास्त ठेवल्या आहेत. मॉर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल यानें एका छापखान्यांतील खिळ्यांचे खण मोजले, अशी कथा आहे. ‘ई’ चे खिळे बारा हजार आणि ‘झेड’ चे दोनशें. म्हणून ‘ई’ ला एकच ठिपका मिळाला. या हिशेबानें ‘पॅरिस’ या शब्दाच्या पांच अक्षरांस, मागच्या विश्रांतीसह, अनुक्रमें १४, ८, १०, ६ आणि १२ मात्रा पडतात. बेरीज बरोबर पन्नास. मिनिटास एक शब्द म्हणजे साठ सेकंदांत पन्नास मात्रा. यावरून तारवाल्यांचा सुटसुटीत नियम निघतो: दर सेकंदाच्या मात्रांस १.२ नें गुणलें म्हणजे मिनिटाचे शब्द मिळतात. पंचवीस शब्दांच्या वेगानें काम करणारा तारमास्तर सेकंदास सुमारें एकवीस मात्रा चालवितो. राणीच्या त्या संदेशास हेंच गणित लावलें तर एका मात्रेस जवळजवळ बारा सेकंद पडले!

हाच नियम सर्वत्र लागू होतो, असें मात्र समजूं नये. ‘पॅरिस’ ऐवजीं ‘कोडेक्स’ हा शब्द प्रमाण धरणारेही होते. त्याच्या मात्रा साठ होतात, कारण त्यांत जड अक्षरें आहेत. तोच मनुष्य, तोच हात, तीच तार. पण एका प्रमाणानें चोवीस शब्दांचा आणि दुसऱ्यानें वीस शब्दांचा. समुद्रांतील तारांवर तर रीतच वेगळी होती. तेथें ठिपका आणि रेघ सारख्याच लांबीचे. एकाला धन प्रवाह, दुसऱ्याला ऋण. त्यामुळें तोच ‘पॅरिस’ निम्म्याहून कमी मात्रांत आटोपे. मात्रा तितक्याच राहून मजकूर वाढला, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिच्यावरच सर्व कांहीं अवलंबून आहे.

फ्रान्समधील एका शेतकऱ्याचा मुलगा एमिल बॉदो हा १८६९ सालीं तेथील तारखात्यांत चाकरीस लागला. त्याचा जन्म १८४५ चा. कार्यालयांत काम करतां करतां त्यानें जें यंत्र रचलें, त्याचें पेटंट १८७४ सालीं झालें, आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्याला सुवर्णपदक मिळालें. मॉर्सच्या लिपीचें वृत्त मात्रांचें, तर बॉदोच्या लिपीचें वृत्त अक्षरगणाचें, असें म्हणतां येईल. त्यानें प्रत्येक अक्षरास बरोबर पांच समान मात्रा दिल्या; प्रत्येक मात्रेस प्रवाह एका दिशेचा किंवा दुसऱ्या. तीन अक्षरांच्या लघुगुरु-भेदानें य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण होतात, हें आपण शाळेंत शिकतों. तोच प्रस्तार पांचापर्यंत नेला म्हणजे बत्तीस भेद होतात. पिंगलाच्या छंदःसूत्रांत हा प्रस्तार तर आहेच, शिवाय क्रमांकावरून भेद व भेदावरून क्रमांक काढण्याच्या ‘नष्ट’ आणि ‘उद्दिष्ट’ या रीतीही आहेत. फ्रेंच तारमास्तरास पिंगल ठाऊक असण्याचें कारण नाहीं, आणि पिंगलाला तार ठाऊक नव्हती. उगीच गौरवाची ओढाताण करण्याची आम्हांस हौस नाहीं. परंतु दोघांपुढील गणित एकच होतें, हें खरें.

बॉदोच्या यंत्राला पांचच कळी. दोन डाव्या हाताच्या बोटांखालीं, तीन उजव्या. एक फिरती चकती एकच तार अनेक कारकुनांमध्यें वांटून देई. ज्याची पाळी येई त्यानें त्याच क्षणीं कळी दाबलेल्या असल्या पाहिजेत. पाळी आल्याची सूचना ‘टक्’ अशा आवाजानें मिळे. चकती मिनिटास साधारणपणें १८० फेरे घेई, म्हणजे एका कारकुनास मिनिटाला १८० अक्षरें. मधली मोकळी जागा धरून सहा अक्षरांचा शब्द मानला तर तीस शब्द. तालाबाहेर जाण्याची मुभा नाहीं, हळू करण्याची नाहीं, घाई करण्याचीही नाहीं. यंत्रानें माणसास ताल दिला, असा हा तारेच्या इतिहासांतील पहिला मोठा प्रसंग असावा. बॉदो १९०३ सालीं वारला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत आंतरराष्ट्रीय तारमंडळींनीं दर सेकंदाच्या मात्रेस त्याच्या नांवावरून ‘बॉड’ हें नांव दिलें. सेकंदास एक मात्रा म्हणजे एक बॉड.

बॉड हें तारेच्या श्रमाचें माप झालें, आणि अभियंत्यांस हायसें वाटलें. लवकरच टंकयंत्रासारखे दूरमुद्रक आले. न्यूझीलंडमध्यें जन्मलेल्या डोनाल्ड मरे यानें पांच मात्रांचीच पण नव्यानें मांडलेली लिपि त्यांना उपयोगी पडली. येथें ताल धरणाऱ्या चकतीची गरज उरली नाहीं; प्रत्येक अक्षराच्या आधीं ‘सुरू’ची एक मात्रा आणि शेवटीं ‘थांब’ची दीड मात्रा जोडली. एकंदर साडेसात. युरोपांत व पुढें आपल्या टेलेक्समध्यें पन्नास बॉडांचा वेग प्रमाण ठरला. आतां याचें रूपांतर करून पाहावें. पन्नासास साडेसातानें भागलें कीं सेकंदास सहा पूर्णांक दोन-तृतीयांश अक्षरें, मिनिटास चारशें, सहानें भागल्यावर साडेसहासष्टांहून किंचित् अधिक शब्द. अमेरिकेंत मात्रा बावीस सहस्रांश सेकंदाची, म्हणजे ४५.४५ बॉड, आणि संपूर्ण अक्षर १६३ सहस्रांश सेकंदांचें. त्याचे मिनिटास ३६८ अक्षरें आणि एकसष्ट शब्द होतात. बाजारांत त्याला ‘साठ शब्दांचें यंत्र’ म्हणत. अमेरिकन यंत्राची तार युरोपीय यंत्रास जोडली तर कागदावर निव्वळ गोंधळ छापला जाई. दोघांची लिपि बहुतांशीं एकच, पण ताल निराळा.

या साडेसात मात्रांपैकीं खरा मजकूर पांचच मात्रांत असतो. म्हणजे पन्नास बॉडांच्या वाटेवरून सेकंदास तेहतीस मात्रांइतकाच मजकूर जातो; बाकीचा तृतीयांश ‘ऐका’ आणि ‘झालें’ असें सांगण्यांत खर्ची पडतो. माणसांच्या सभांत हें प्रमाण याहून वाईट असतें, ही गोष्ट वेगळी.

मजकूर आणि मात्रा यांची फारकत कोणीतरी गणितानें करून दाखविणें आवश्यक होतें. १९२४ सालीं हॅरी नाइक्विस्ट या स्वीडनमध्यें जन्मलेल्या अमेरिकन अभियंत्यानें बेल कंपनीच्या नियतकालिकांत दाखविलें कीं मजकुराचा वेग हा मात्रांच्या वेगाशीं तर प्रमाणांत असतोच, परंतु एका मात्रेंत प्रवाहाचीं किती निरनिराळीं मूल्यें ओळखतां येतात, त्या संख्येच्या लॉगरिथमाशींही असतो. दोन मूल्यें असलीं तर एक, चार असलीं तर दोन, आठ असलीं तर तीन. समुद्री तारेंतील धन-ऋणाची युक्ति याच नियमाचें एक उदाहरण ठरते. १९२८ सालीं राल्फ हार्टले यानें हाच विचार व्यापक केला. आणि १९४८ सालीं क्लॉड शॅनन यानें त्याचें संपूर्ण शास्त्र रचलें. दोन सारख्याच संभवनीय पर्यायांपैकीं एकाची निवड, एवढ्या माहितीस त्यानें ‘बिट’ म्हटलें. हें नांव जॉन टुकी यानें सुचविल्याचें त्यानेंच नमूद केलें आहे. आपल्याकडे शुभेच्छेच्या तारांना क्रमांक असत. विवाहाचा आशीर्वाद, परीक्षेचें अभिनंदन, सणाची शुभेच्छा, प्रत्येकास एक आंकडा. तारेवरून जाई तो फक्त आंकडा, आणि पलीकडचा तारमास्तर कोष्टकांतून पूर्ण वाक्य काढून लिही. आशीर्वाद केवढा, आणि बिट किती थोडे! शॅननचा सिद्धांत न वाचतांही टपालखात्यानें तो अंमलांत आणलेला होता.

बिट आणि बॉड हे दोन शब्द यापुढें एकमेकांच्या जागीं येऊं लागले, आणि शेराचा जुना गोंधळ नव्या रूपानें अवतरला. १९६२ च्या ‘बेल १०३’ या मोडेमचा वेग ३०० बॉड. एका मात्रेंत एकच बिट असल्यामुळें सेकंदास ३०० बिटच. येथें दोन्ही आंकडे जुळले, आणि लोकांनीं समजूत करून घेतली कीं दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत. पुढील ‘बेल २१२’ मोडेमनें टेलिफोनच्या तारेवर ६०० बॉडच चालविले, परंतु प्रत्येक मात्रेंत लहरीच्या चार अवस्था ओळखून सेकंदास १२०० बिट नेले. त्यानंतरच्या ‘व्ही. २२ बिस’ या प्रमाणांत बॉड तेच ६००. अवस्था मात्र सोळा, म्हणून मात्रेस चार बिट आणि सेकंदास २४००. बाजारांत त्याला सर्रास ‘२४०० बॉडचा मोडेम’ म्हणत. हें नांव चौपट चुकीचें होतें. जुन्या तारवाल्यांस त्याचा राग येई तो उगाच नव्हे. टेलिफोनच्या वाटेवरून २४०० मात्रा नेणें आणि ६०० मात्रांत चौपट अर्थ भरणें, या दोन अगदीं भिन्न करामती आहेत, आणि दुसरी कशी साधली हेंच या चुकीच्या नांवानें झांकलें जातें.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबई आदि शहरांत आंतरजालाची सेवा सर्वांस खुली केली, तेव्हां टेलिफोनवरून जोडणाऱ्यांस मिळणारा वेग सेकंदास ९,६०० बिट होता. मोडेमच्या तारेवर एका अक्षराचे आठ बिट आणि ‘सुरू’ व ‘थांब’ यांचे दोन, मिळून दहा धरले तर सेकंदास ९६० अक्षरें. दहा लक्ष अक्षरांचा मजकूर यावयास सतरा मिनिटें. आठानें भागावें कीं दहानें, हा प्रश्न येथें उपस्थित होतो. आणि पाहूं गेल्यास दूरमुद्रकाच्या त्या साडेसात मात्रांचाच तो वारस आहे.

टेलिफोनच्या मोठ्या वाटांवर आणखी एक माप तयार झालें. मनुष्याच्या आवाजास टेलिफोनांत चार हजार कंपनांपर्यंतची जागा दिलेली असते. नाइक्विस्टच्याच नियमानें त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदास आठ हजार वेळां, आवाजाची उंची मोजावी लागते. प्रत्येक मोजणीस आठ बिट. एका संभाषणाचे ६४,००० बिट झाले. अमेरिकेनें अशीं चोवीस संभाषणें एकत्र बांधलीं आणि ताल राखण्यासाठीं एक बिट जोडला: १९३ गुणिले ८,००० म्हणजे १५,४४,०००. युरोपनें बत्तीस घरें केलीं, त्यांतील तीस संभाषणांस आणि दोन व्यवस्थेस दिलीं: २०,४८,०००. आपण युरोपची रीत उचलली. या दुसऱ्या आंकड्यानें मात्र नवीन घोंटाळा केला. संगणकवाल्यांचा ‘किलो’ स्मरणाच्या बाबतींत १,०२४ चा. तारवाल्यांचा किलो पहिल्यापासून १,००० चा. २,०४८ ही संख्या १,०२४ च्या बरोबर दुप्पट असल्यामुळें ही वाट ‘दोन मेगाबिटां’ची आहे असें कित्येक समजतात, आणि त्याच हिशेबानें ६४ किलोबिटांचे ६५,५३६ बिट करून बसतात. शेंकडा अडीचाचा फरक. पुण्याच्या शेरांत आणि मुंबईच्या शेरांत याहून जास्त असे, असें म्हणून सोडून देतां येईल, पण अभियंत्याच्या घड्याळांत तो सोडतां येत नाहीं.

हीं सर्व मापें रोमन अक्षरांभोंवतीं वाढलीं, याचा परिणाम आपल्या भाषेवर झाला आहे. पांच मात्रांच्या बत्तीस भेदांत रोमनचीं सव्वीस अक्षरें सुखानें बसतात; देवनागरीचे स्वर, व्यंजनें, काना-मात्रा आणि जोडाक्षरें बसत नाहींत. १९४९ सालीं देवनागरी तारांची सोय कांहीं शहरांत सुरू झाली खरी, तथापि मराठी कुटुंबांतील पुष्कळशा तारा इंग्रजींत किंवा रोमन लिपींतील मराठींतच जात राहिल्या. शब्दावर आकारणी होती तोंवर मराठीस त्यांत एक लाभही होता. आमचे प्रत्यय शब्दास चिकटतात; ‘मुंबईहून’ हा एक शब्द, इंग्रजींत त्याचे दोन. मापाचें परिमाण शब्दावरून बिटांवर आलें, तेव्हां हा लाभ गेला आणि त्याच्या ठिकाणीं तोटा आला. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द उच्चारतांना चार अक्षरांचा. संगणकाच्या सर्वमान्य संहितेंत त्याचीं चिन्हें अकरा, आणि आज सर्वाधिक प्रचारांत असलेल्या पद्धतीनें प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्यामुळें एकंदर बाइट तेहतीस. तोच शब्द रोमन लिपींत लिहिला तर बारा अक्षरें, बारा बाइट.

भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. तोंपर्यंत तिची जागा भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशानें घेतली होती, आणि त्या लघुसंदेशाच्या पोटांत १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट, एवढीच जागा ठरलेली आहे. सातांनीं भागलें तर रोमनचीं १६० अक्षरें मावतात. देवनागरीस सोळांनीं भागावें लागतें, म्हणून सत्तर चिन्हें, आणि त्यांत काना, मात्रा, हलन्त सर्व मोजलें जातें. सत्तरापुढें एक वेलांटी गेली कीं दुसऱ्या संदेशाचे पैसे. परगांवीं शिकणाऱ्या मुलास ‘पोंचल्याचें कळव’ एवढेंच लिहावयाचें असतांही घरोघरचे आईबाप तें रोमन अक्षरांत लिहूं लागले, तें कांहीं मराठी विसरल्यामुळें नव्हे. त्यांच्या आजोबांनींही तारघराच्या खिडकीपाशीं उभें राहून, तारेच्या कागदावर, हेंच केलें होतें.